शून्याची रेघ कुठे मारायची : उजनी माहितीफलकांच्या प्रकल्प नोंदी

८ जानेवारी

काम ठरलं. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावच्या वाचनालयाला भीमेच्या खोऱ्यातल्या उजनी आणि इतर धरणांवर आठ फलक हवेत, २२ मार्चच्या जागतिक जलदिनासाठी. सोबत मोबाइलवर फिरवता येईल असं एक चित्र. आम्ही तिघं आहोत. मांडणी आणि रेखाटन माझ्याकडे, आकडे आणि कोड एकाकडे, मजकूर तिसरीकडे. ग्रंथपालांच्या पत्रात मागणी एका ओळीत आहे : 'इन्फोग्राफिक्स आकर्षक असावेत, हल्ली लोक वाचत नाहीत, बघतात.'

हे वाक्य आता प्रत्येक कामात ऐकू येतं. २०२० साली करोनात लोक रोज संध्याकाळी रुग्णसंख्येची चढती रेषा बघायला शिकले. तेव्हापासून पतसंस्थेच्या वार्षिक अहवालापासून ग्रामपंचायतीच्या फलकापर्यंत सगळ्यांनाच चित्र हवंय. तक्रार नाही, आमचं पोट त्यावर आहे. फक्त एक गोष्ट पत्रात नाही : बघणारा माणूस वाचणाऱ्यापेक्षा कमी शंका घेतो. 'साठा ५० टक्के' असं छापलं तर कुणीतरी 'कशाच्या पन्नास टक्के?' विचारतं. तेच निळ्या टाकीत अर्ध्यापर्यंत पाणी रंगवलं की प्रश्न संपतो.

म्हणून पहिल्या बैठकीत एवढंच ठरवलं, की टाकी कशाची ते नक्की झाल्याशिवाय टाकी काढायची नाही.

१३ जानेवारी

पावसाळ्यात रोज सकाळी व्हॉट्सअॅपवर फिरणारा तक्ता आधाराला घेतला. धरणाचं नाव आणि पुढे टक्के. त्याचा साधा स्तंभालेख काढला. नेटका दिसतो, आणि जवळजवळ काहीच सांगत नाही.

खडकवासला भरलं की पुण्यात बातमी होते, पाणी बघायला चौपाटीवर गर्दी होते. त्याची उपयुक्त क्षमता १.९७ टीएमसी. टेमघरची ३.७१, पानशेतची १०.६५, वरसगावची १२.८२. चारही मिळून २९.१५. वरसगाव सोळा टक्के भरलं, की त्यात अख्ख्या खडकवासल्याइतकं पाणी झालं. पण टक्क्यांच्या आलेखात खडकवासल्याचा स्तंभ छताला टेकलेला आणि वरसगावचा जमिनीलगत खुरटलेला. बघणारा म्हणणार, खडकवासल्यात पाणी जास्त.

तेव्हा स्तंभाची उंची टीएमसीत, टक्के बाजूला बारीक आकड्यात. मजकूरवालीची शंका : टीएमसी कुणाला कळतो? या पट्ट्यात सगळ्यांना कळतो. उसाला पाणी देणारा, चहाच्या टपरीवर बसणारा, निवडणुकीत भाषण ऐकणारा, सगळे टीएमसीतच बोलतात. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, सुमारे २,८३२ कोटी लिटर. लिटरचा आकडा एका बारीक ओळीत ठेवला. एवढे लिटर कुणाच्याच डोळ्यांपुढे उभे राहत नाहीत.

जोडणी लागते ती वेगळ्याच ठिकाणी. बातमीत साठा टीएमसीत असतो आणि उजनीकडे येणारा 'दौंडहून विसर्ग' क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट. दोन्ही रोज शेजारी छापून येतात, पण एकातून दुसऱ्यात जायची वाट कुणी दाखवत नाही. आकडेवाल्यानं ती वाट मांडली. ११,५७४ क्युसेक चोवीस तास चालले की एक टीएमसी. म्हणजे दौंडहून ५० हजार क्युसेक दिवसभर आले तर उजनीत ४.३ टीएमसी, टक्क्यांत साधारण आठ. याचा स्वतंत्र फलक होणार. सगळ्यांत साधा, चित्र जवळजवळ नसलेला, आणि माझ्या मते सर्वांत उपयोगी.

१६ जानेवारी

वाचनालय समितीतल्या एकांचा फोन : 'एक तरी गोल आकृती पाहिजेच.' वृत्तालेख, म्हणजे पाय चार्ट. तो १८०१ साली विल्यम प्लेफेअरनं काढला. स्तंभालेख आणि रेषालेखही त्याचेच, १७८६ चे. माणूस स्कॉटिश, उद्योग पुष्कळ केले, धड एकही चालला नाही. आलेख मात्र सव्वादोनशे वर्षं चालतायत.

गोल आकृतीशी माझं भांडण नाही, पण तिच्यात कोन वाचावा लागतो. क्लीव्हलंड आणि मॅकगिल या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये प्रयोग करून दाखवलं, की एकाच पट्टीवरची जागा माणूस सर्वांत अचूक वाचतो. लांबी त्याखालोखाल, कोन आणि क्षेत्रफळ आणखी मागे. चार धरणांचे चार तुकडे गोलात घातले तर पानशेत मोठं की वरसगाव, यावर उगाच वाद होईल. समितीला नम्रपणे नाही कळवलं. 'बरं बघू' असं उत्तर आलंय, म्हणजे विषय पुन्हा निघणार.

२० जानेवारी

उजनीला हात घातला आणि दिवस तिथेच गेला.

एकूण क्षमता ११७.२३ टीएमसी. त्यात तळाचा मृत साठा ६३.६६ आणि त्यावरचा उपयुक्त साठा ५३.५७. निम्म्याहून जास्त पाणी 'मृत' या सदरात. बातमीतले टक्के फक्त वरच्या ५३.५७ चे. म्हणून उपयुक्त साठा संपला की उजनी 'मायनसमध्ये' जाते. २०२४ च्या उन्हाळ्यात ती उणे साठच्या आसपास गेली होती. पाऊस पडला की 'प्लसमध्ये' येते आणि चांगल्या वर्षी १११ टक्क्यांपर्यंत भरते. म्हणजे एकाच धरणाचा आकडा उणे साठपासून एकशे अकरापर्यंत हिंडतो. आमचा आकडेवाला नागपूरचा. त्यानं हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं, 'धरण उधारीवर पाणी देतंय का?'

आता हिशोब. उजनी शून्य टक्के असताना तिच्यात ६३.६६ टीएमसी पाणी असतं. पुण्याची चारही धरणं काठोकाठ भरली तर त्यांचं उपयुक्त पाणी २९.१५, म्हणजे शून्यावरच्या उजनीत त्याच्या दुपटीहून जास्त. उणे ५० टक्क्यांवर उरतात ३६.८७ टीएमसी, तेही त्या चौघांपेक्षा जास्तच. आणि 'उणे ५०' ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काय येतं? भेगा पडलेली जमीन.

संध्याकाळपर्यंत कच्ची चित्रं काढत बसलो. पहिल्यात शून्याची रेघ मधे, उणे खाली लाल, अधिक वर निळं. बातमीशी तंतोतंत जुळतं, पण नफा-तोट्याच्या पत्रकासारखं दिसतं, आणि लाल भागात पाणी नाहीच असं वाटतं. दुसऱ्यात सगळं धरण तळापासून, शून्यापासून ११७.२३ पर्यंत, आणि ६३.६६ वर एक आडवी रेघ. यात पाणी जिथे आहे तिथे दिसतं. पण उन्हाळ्यात कुणी बघितलं तर म्हणेल, एवढं पाणी आहे तर सोडत का नाहीत?

मजकूरवाली म्हणाली, दोन्ही चित्रं खरी आहेत आणि दोन्ही कुणाची तरी बाजू घेतात. बरोबर आहे. उजनीचं शून्य नदीनं ठरवलेलं नाही, नियोजनानं ठरवलंय. रेघ मधे मारली की चित्र टंचाईचं होतं, तळाशी मारली की मुबलकतेचं. आकडे तेच.

२१ जानेवारी

दुसरं चित्र घेतलं. कारण साधं : जिथे पाणी आहे तिथे ते नाही असं दाखवणं मला जमणार नाही. मृत साठ्याला राखाडी रंग द्यायचा मोह टाळला, राखाडी म्हटलं की डोळा ते वगळूनच बघतो. तो गडद निळा, उपयुक्त साठा फिका निळा. मधली रेघ जाड नारिंगी आणि तिच्यावर शब्द : 'बातमीतलं शून्य इथे'.

२७ जानेवारी

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या एका अभियंत्यांकडे गेलो. चहा येण्याआधीच त्यांनी पाठकोऱ्या कागदावर धरणाचा छेद काढला आणि म्हणाले, 'टक्के सोडा ओ मॅडम, लेव्हल बघा.'

लेव्हल अशी. पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून ४९६.८३ मीटर. शून्याची पातळी ४९१.०३ मीटर. फरक ५.८० मीटर. अख्खा उपयुक्त साठा, ज्याच्यावर उसाचं, शहराच्या नळाचं आणि अर्ध्या जिल्ह्याच्या राजकारणाचं गणित चालतं, तो या वरच्या पावणेसहा-सहा मीटरच्या थरात आहे. धरणाची भिंत ५६ मीटर उंच. पाणी पसरट, पठारावर सांडल्यासारखं लांबवर गेलेलं. त्यामुळे वरचा थर जाडीला कमी आणि पाण्याला भरपूर.

ही गोष्ट मला कुठल्याही तक्त्यात सापडली नसती. पातळी एक मीटर उतरली तर वरच्या थरात ते काही टीएमसी असतात. तोच एक मीटर खोल तळाशी उतरला तर त्या मानानं किरकोळ. म्हणजे टाकीचं चित्र, सरळ बाजूंची चौकोनी टाकी, मुळातच चुकीचा आकार आहे. धरण वर रुंद, खाली निमुळतं. आम्ही दोन वेगवेगळे फलक ठरवले. एकात पाण्याचं प्रमाण, दुसऱ्यात छेद आणि पातळ्या. एकाच चित्रात दोन्ही कोंबायचं नाही.

छेदाच्या फलकावर एक सूचना ठळक हवी. जलाशय लांबीला अनेक किलोमीटर आणि खोली त्या मानानं अगदीच कमी. दोन्ही एकाच मापात काढलं तर कागदावर फक्त एक रेघ उमटेल. उंची कितीतरी पट ताणावी लागते, आणि किती पट ताणली ते फलकावरच लिहायचं. ज्या पुस्तकांत हे लिहिलेलं नसतं तिथे सह्याद्री हिमालयासारखा दिसतो.

गाळाचा विषयही साहेबांनीच काढला. आम्ही वापरतोय ते आकडे मूळ क्षमतेचे. १९८० साली पूर्ण झालेल्या धरणात तेव्हापासून गाळ बसतोय, आणि तो जास्त करून खालीच बसणार. ६३.६६ हा त्यामुळे कागदावरचा आकडा समजा, असं त्यांचं म्हणणं. तळटीप नको, त्याच अक्षरात आकड्याशेजारी लिहायचं ठरवलं : 'मूळ क्षमता, गाळ वजा न करता'.

मृत साठ्याबद्दलही त्यांनी दुरुस्ती सुचवली. मृत म्हणजे हात न लावता येणारं, असं नाही. सिंचनाच्या नियोजनात न धरलेलं. शून्याखाली गेल्यावरही नदीत पाणी सुटतं, सोलापूरची पाइपलाइन पाणी ओढत राहते, पातळी आणखी उतरली की दुबार पंपिंग, म्हणजे दोन टप्प्यांत उपसा, मग तिबार. हे शब्द सोलापुरात लहान पोरांनाही माहीत आहेत. छेदाच्या फलकावर हे पंप दाखवायचे.

३ फेब्रुवारी

देवनागरीचा दिवस. सगळा वाया गेला नाही, पण बराच गेला.

आकडेवाल्यानं मॅटप्लॉटलिब या आलेख काढायच्या कोडमध्ये काढलेल्या आलेखांवर अक्षरं फुटून आली. 'विसर्ग' या शब्दात वेलांटी व च्या आधी न येता नंतर जाऊन बसली आणि रफाराचा सुटा र् झाला. 'उपयुक्त' मधलं जोडाक्षर मोडलं. कारण ठाऊक आहे : अक्षरं एकामागून एक ठेवली की रोमन लिपी उमटते, देवनागरीला मात्र जुळवणी करणारं वेगळं यंत्र लागतं, आणि ते आमच्या मांडणीत नव्हतं. ब्राउझरमध्ये ती जुळवणी आपोआप होते. म्हणून सगळे आलेख डी-थ्रीत, ब्राउझरमध्ये चालणाऱ्या आलेखांच्या लायब्ररीत, पुन्हा काढले, एसव्हीजी करून इंकस्केपमध्ये आणले. अक्षर नोटो सान्स देवनागरी.

यावर कुणी फारसं लिहीत नाही, पण मराठी माहितीचित्राची निम्मी कटकट इथेच आहे. वेलांट्या वर, उकार खाली, त्यामुळे दोन ओळींमध्ये जास्त जागा सोडावी लागते आणि इंग्रजीवरून उचललेली मांडणी हमखास गुदमरते. उभ्या अक्षावर अक्षरं एकाखाली एक रचता येत नाहीत, शिरोरेघ तुटते. शब्द आडवाच ठेवायचा आणि डावीकडे जागा सोडायची. लाखाचा स्वल्पविराम कोडच्या लायब्ररीला वेगळा शिकवावा लागतो, नाहीतर १,००,००० चं १००,००० होतं. बारीक आकारात १ आणि ९ यांची गल्लत होते. दहा फुटांवरून वाचून बघितल्याशिवाय आकडा मंजूर नाही.

७ फेब्रुवारी

मुख्य फलक मार्गी लागला.

समितीची सूचना होती, प्रत्येक धरणाला पाण्याचा थेंब काढा, मोठ्या धरणाला मोठा. दिसायला छान. पण टेमघर आणि वरसगाव घ्या. पाणी साडेतीनपट. थेंब साडेतीनपट उंच काढला तर तो रुंदीलाही तेवढाच वाढतो आणि कागदावर बारापट जागा खातो. खडकवासला आणि अख्खी उजनी यांच्यात तर एकोणसाठ-साठपटीचा फरक आहे. थेंब साडेतीन हजार पट मोठा निघेल. जाहिरातीत हे सर्रास चालतं.

यावरचा उतारा व्हिएन्नात १९२५ साली सुरू झालेल्या एका संग्रहालयात सापडला होता. ऑटो नॉइराथ तिथे कामगार-वस्तीतल्या लोकांना आकडे समजावेत म्हणून चित्रं करून घेत असे. त्याचा नियम : जास्त संख्या दाखवायची तर चिन्ह मोठं करायचं नाही, चिन्हं जास्त काढायची. चिन्हं रेखाटली गेर्ड आर्न्ट्झनं. आणि तज्ज्ञाचे आकडे घेऊन त्यातलं काय दाखवायचं, काय गाळायचं हे ठरवायचं काम मारी राइडेमाइस्टर करायची, जी पुढे मारी नॉइराथ झाली. त्या तिसऱ्या कामाला तिथे वेगळं नाव आणि मान होता. आपल्याकडे ते काम कुणाच्याही पगारात बसत नाही. डिझायनरनं करावं की मजकूरवाल्यानं, हे शेवटच्या रात्री ठरतं.

आमचं चिन्ह एक साधा चौकोन, पाच सेंटिमीटरचा, एक चौकोन एक टीएमसी. घागर काढून बघितली होती, पण २,८३२ कोटी लिटरला घागर म्हणजे थट्टा. एका ओळीत दहा चौकोन. उजनीचे बारा ओळींत ११७ पूर्ण आणि एक चिमूटभर. ६३.६६ ला ६४ आणि ५३.५७ ला ५४ केलं तर बेरीज ११८ होते, म्हणून पूर्णांक केलेच नाहीत. चौसष्टावा चौकोन दुरंगी : दोन तृतीयांश गडद, उरलेला फिका. नेमकी तिथूनच नारिंगी रेघ जाते. शेजारी त्याच मापात पुण्याची चार धरणं, मिळून तीन ओळीही पूर्ण भरत नाहीत. खडकवासला दोन चौकोन, तेही दुसरा किंचित कुरतडलेला.

फलक भिंतीला टेकवून लांबून बघितला. पुण्यात राहून खडकवासल्याचं एवढं कौतुक आपण का करतो, असा प्रश्न मला पहिल्यांदा पडला.

११ फेब्रुवारी

'थोडा इतिहास हवा' म्हणून एक फलक. नेहमीचं उदाहरण म्हणजे शार्ल मिनारचा १८६९ चा नकाशा, नेपोलियनची रशियावरची मोहीम. जाताना ४,२२,००० सैनिकांचा रुंद पट्टा, येताना १०,००० ची काळी रेघ, खाली थंडीचं तापमान. अप्रतिम आहे आणि सगळीकडे आहे, म्हणून तो घेतला नाही.

मिनारचाच दुसरा नकाशा घेतला, जो आपल्या घरापर्यंत येतो. युरोपात कुठून किती कापूस आला, १८५८, १८६४ आणि १८६५ या तीन वर्षांचे तीन नकाशे शेजारी शेजारी. पहिल्यात अमेरिकेहून आलेला पट्टा अटलांटिक व्यापून टाकतो, हिंदुस्थानचा पट्टा किरकोळ. मग अमेरिकेत यादवी युद्ध, दक्षिणेतल्या बंदरांची नाकेबंदी. दुसऱ्या नकाशात अमेरिकेचा पट्टा आटून धागा झालेला आणि हिंदुस्थानचा फुगून आफ्रिकेला वळसा घालत वर चढतोय. त्या पट्ट्यात वऱ्हाड-खानदेशचा कापूस आहे, हिंगणघाटचा आहे. मुंबईत त्याच पट्ट्यावर शेअरांचा धुमाकूळ झाला, समुद्र बुजवायच्या कंपन्या निघाल्या आणि १८६५ ला युद्ध थांबताच सगळं कोसळलं. प्रेमचंद रायचंद त्या तेजीचा राजा. राजाबाई टॉवर त्यांच्या देणगीतून उभा राहिला, आईच्या नावानं. मुंबईच्या इतिहासात ही गोष्ट पानंच्या पानं येते. मिनारनं मुंबईचं नावही ठळक न करता ती एका पट्ट्याच्या जाडीत सांगितली.

आणखी एक गंमत : पट्टे मावावेत म्हणून त्यानं समुद्र ओढूनताणून रुंद केले. नकाशा भूगोलाला बेइमान, मालाला इमानदार. शीर्षकातच तो 'अंदाजे' असं लिहितो. पूल, रस्ते, कालवे खात्यातला निवृत्त अभियंता, हा नकाशा छापला तेव्हा वय पंच्याऐंशी. आमच्या साहेबांना हे सांगितलं तर म्हणाले, 'मग माझ्याकडे अजून वेळ आहे.'

१७ फेब्रुवारी

रंग. पावसाचा फलक करताना हवामान खात्याच्या नकाशाचेच रंग ठेवायचे, लोकांच्या डोळ्यांत बसलेत, असं मजकूरवालीचं मत होतं. तपासलं. सरासरीशी तुलना करणाऱ्या त्या नकाशात हिरवा म्हणजे सरासरीइतका, १९ टक्के कमी ते १९ टक्के जास्त. लाल म्हणजे २० ते ५९ टक्के तूट. आणि ६० टक्क्यांच्या पुढची तूट पिवळी. म्हणजे पिवळा लालपेक्षा वाईट. इशाऱ्यांच्या नकाशात मात्र पिवळा सर्वांत सौम्य, मग नारिंगी, मग लाल. एकाच खात्याचे दोन नकाशे, एकाच दिवशी टीव्हीवर, आणि पिवळ्याचा अर्थ उलटा.

शिवाय १९ टक्के कमी हिरवा आणि २० टक्के कमी लाल. शेजारशेजारचे दोन जिल्हे एका टक्क्यानं वेगळ्या जगात. पट्टे कुठेतरी पाडावेच लागतात, हे मान्य, पण रंग इतके विरुद्ध असले की सीमारेषाच बातमी बनते.

आम्ही दोनच रंगांच्या छटा घेतल्या, कोरड्याकडे तपकिरी, ओल्याकडे निळसर, मधे जवळजवळ पांढरा. लाल-हिरव्याची जोडी मुळातच नको होती. पुरुषांमध्ये त्या दोन रंगांची गल्लत करणारे बरेच असतात, आणि वाचनालयाच्या सकाळच्या वर्तमानपत्र-टेबलावर बहुतेक पुरुषच बसतात.

२४ फेब्रुवारी

कच्च्या छपाया घेऊन गावी. आधी अभ्यासिकेत. स्पर्धा परीक्षेची मुलं आलेख सरावानं वाचतात, त्यांच्या पेपरात आकडेवारीचे प्रश्नच असतात. चौकोन मोजायच्या आधी त्यांनी माप वाचलं. दोघांनी मूळ क्षमतेच्या ओळीवरून गाळाचं विचारलं. इथे काम सोपं होतं.

मग बाजाराच्या दिवशी वाचनालयाच्या ओट्यावर. ऊसवाले तिघे-चौघे. त्यांनी माप वाचलं नाही, सरळ नारिंगी रेघेवर बोट ठेवलं. एक आजोबा म्हणाले, 'मायनस म्हंजे पाणी न्हाई आसं नसतंय बगा, आमाला म्हाईत हाय की. पण पेपरवाल्यानं कधी असं काडून दावलं न्हाई.' दुसरा त्यांच्यावर : 'वरच्या फिक्क्यातलं आपलं, खालच्या गडदातलं सोलापूरचं, आन् रेघंवर भांडान.'

हे वाक्य मी वहीत जसंच्या तसं उतरवलं. सरकारी भाषेत ते बरोबर नाही, फिक्क्यातूनही शहराला पाणी जातं. पण चित्र बघून माणूस आपलं भांडण त्यात शोधतो आणि शोधतो तेव्हाच ते त्याचं होतं. क्युसेकच्या फलकासमोर मात्र सगळे जास्त वेळ थांबले. 'म्हंजे पन्नास हजारानं दिवसाला आठ टक्के? मग उणे पन्नासातनं शून्यावर याला सहा दिवस?' बरोबर, सहा दिवसांहून थोडं जास्त. हिशोब त्यानं तोंडी केला.

बाईमाणसं वाचनालयात फारशी येत नाहीत, म्हणून बचतगटाच्या बैठकीत फलक नेले. तिथे छेदाचं चित्र चाललं, कारण त्यात पंप होते. नळाला पाणी किती दिवसांनी येतं हा त्यांचा आकडा, आणि तो आमच्या आठपैकी एकाही फलकावर नव्हता. पावसाच्या फलकातला एक कोपरा काढून त्यासाठी जागा केली. आकडा आम्ही छापणार नाही, पाटी रिकामी. वाचनालयानं खडूनं भरायचा.

४ मार्च

मोबाइलचं चित्र. फलकाचा फोटो काढून पाठवा, इतकं ते सोपं नाही. व्हॉट्सअॅप चित्र दाबून लहान करतं, बारीक अक्षर विरघळतं, आणि पुढे पाठवताना खालचा मजकूर गळून पडतो. उरतं फक्त चित्र. दर पावसाळ्यात जुनी धरणसाठ्याची चित्रं पुन्हा फिरू लागतात आणि कुणीतरी दोन वर्षांपूर्वीचं 'उजनी शंभर टक्के' आनंदानं पाठवतो.

म्हणून तारीख चित्राच्या आत, आणि ती कोपऱ्यात नाही. नारिंगी रेघेच्या शेजारीच, आकड्याइतक्याच जाड अक्षरात. कापायची म्हटली तर आकडाही कापला जाईल. बाकी चित्रात ११७ चौकोन, पाच शब्द आणि दोन आकडे, टक्के आणि टीएमसी. आकडेवाल्यानं साधी फाइल दिली आहे. ग्रंथपालांनी रोजचा आकडा भरायचा, चित्र आपोआप तयार.

१३ मार्च

छपाई. फ्लेक्स टाळलं, उन्हात चकाकतं आणि दोन निळ्यांतला फरक मरतो. सनबोर्डवर मॅट. पहिल्या नमुन्यात गडद निळा काळ्याकडे गेला होता, मृत साठा डांबरासारखा. रंग दोनदा उजळ करून घेतला. समितीची गोल आकृती शेवटी झाली. उद्घाटनाच्या फलकावर, वाचनालयाच्या बोधचिन्हाच्या रूपात.

२२ मार्च

फलक लागले. पोरांनी चौकोन मोजून काढले आणि एकशे सतरा भरतात का याच्यावर पैज लावली. दहावीची मुलं वृत्तालेख, आयतालेख पुस्तकात शिकून आलेली. त्यांना मिनारचे पट्टे कुठल्या धड्यात येतात ते हवं होतं.

सर्वांत जास्त विचारणा एका फोटोबद्दल झाली : पळसदेवचं पाण्यात गेलेलं जुनं देऊळ. उजनी खूप उतरली की ते उघडं पडतं आणि लोक बघायला जातात. इकडे पिढीभर लोकांनी पातळी त्या शिखरावरून ओळखली आहे. ते छेदाच्या चित्रात नेमक्या उंचीवर दाखवा, असं अनेकांनी सुचवलं. मोजमाप हातात असल्याशिवाय रेघ मारायची नाही हा आमचा नियम, म्हणून तो फक्त फोटो राहिला. साहेब म्हणाले, लेव्हल मशीन घेऊन मीच जातो पाणी उतरल्यावर. ते जातील.

एक पुढारी येऊन उजनीच्या फलकासमोर फोटो काढून गेले. फोटोत ते नारिंगी रेघेच्या बरोबर पुढे उभे आहेत, रेघ दिसत नाही.

२७ मार्च

वाचनालयाकडून फोन. मोबाइलचं चित्र रोज जातंय, पण शेतकरी गटांनी उत्तरात एकच विचारलंय : साठा कळला, आवर्तन कधी? कालव्याची पाळी कुठल्या तारखेला सुटणार आणि टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या, गावाला किती दिवसांनी पोहोचणार, हे चित्रात घाला.

रास्त मागणी आहे, आणि हे चित्र साठ्यापेक्षा अवघड. आडव्या अक्षावर दिवस, उभ्या अक्षावर कालव्याची लांबी, पाणी तिरक्या रेघेनं खाली उतरत जाणार. रेल्वेच्या कंट्रोल रूममध्ये गाड्यांचा आलेख काढतात तसाच. रेघ जितकी आडवी, पाणी तितकं हळू. गेल्या आवर्तनाच्या तारखा तीन ठिकाणांहून गोळा करायला घेतल्यात : कालवा कार्यालय, टेलचा पाणीवाटप गट आणि मधल्या गावातल्या एका शिक्षकांची वही. तिन्ही जुळल्या तर एकच रेघ काढू. नाही जुळल्या तर तिन्ही काढू, वेगवेगळ्या रंगांत, आणि कुठली कुणाची ते लिहू.